सव्वा मिलिमीटर

पिंगळेबाईंची ऑर्डर चाळीस नळ्यांची.
गंगापूर रोडच्या हॉटेलात टांगायचे दिवे:
ऐंशी व्यासाचं ॲक्रिलिक, आत पिवळा बल्ब,
बाहेरून वेल.
द्राक्षं नकोत, म्हणाल्या, नाशकात सगळेच द्राक्षं घालतात.
नुसती पानं घाला, आणि पीळ पडलेल्या त्या बाळ्या
ज्या आम्ही मे महिन्यात बोटांनी खुडून टाकतो.

समीनानं वेल काढला संगणकावर, सपाट.
डाव्या कडेला पान जिथं अर्धं तुटतं
तिथंच उजव्या कडेला उरलेलं अर्धं.
गुंडाळलं की जुळेल, म्हणाली,
आणि वडाळ्याहून आणलेला डबा उघडला.

दोन रबरी रोलरांवर नळी आडवी निजवली.
लाल ठिपका आधी नुसता हिंडून येतो,
मग खरा किरण, जो दिसत नाही.
दिसते ती मागे उरलेली रेघ,
कोरडी, पांढरी, तांदळाच्या पिठीसारखी,
आणि तो वास, नेलपॉलिशच्या उघड्या बाटलीचा,
जो मी घरी नेते केसांतून.
नळी इतकी सावकाश फिरते
की फिरतेय हे पटायला
तिच्यावरचा एखादा ओरखडा डोळ्यांनी धरून ठेवावा लागतो.

पान आलं. देठ आला.
शेवटी बाळीचं टोक आलं
आणि जिथं तिनं पहिल्या पानाला धरायचं
तिथं अलीकडंच थांबलं.
मध्ये कोरी पट्टी.
सव्वा मिलिमीटर.

कॅलिपर लावला: ऐंशी पूर्णांक चार.
बिलावर नुसते ऐंशी. एवढं चालतं हो, म्हणाला विकणारा फोनवर.
सपाटीवर चालतं.
गोलाला तेच तिपटीनं भरावं लागतं, वर थोडं व्याज,
आणि तेही सगळं एकाच जागी.

नथूमामा बुधवारी अंबडला येतो, घरी करमत नाही म्हणून.
पस्तीस वर्षं भांडी बाजारात, दुकानाच्या पायरीवर,
मांडीत हंडा घेऊन नावं घालायचा.
डाव्या हातानं हंडा फिरे, उजव्या हातात छिन्नी,
पुढं पुढं विजेची सुई.
चि. सौ. कां. कुमुदिनी हिस आजोळकडून सप्रेम भेट.
आधी हंड्याच्या गळ्याला दोरा गुंडाळायचा,
दातानं तोडायचा,
फरशीवर ताणून त्यावर अक्षरं मोजायचा बोटांनी.
एकदाच बसलो दोऱ्याशिवाय, सांगतो,
भेटीतला ट चिरंजीवाच्या उरावर चढला,
अन् हळद दुसऱ्या दिवशी.
मग हो?
मग काय. म्हटलं, ती बाजू भिंतीकडं करून ठेवा.

समीनानं ओढणीच्या काठाचा एक धागा ओढला.
दोनशे साडेबावन्न, वर केसभर.
दुसरी नळी जुळली.
सांधा कुठं गेला ते नंतर मलाच सापडेना,
शोधताना नळी हातात चारदा फिरली.

तेवढ्यात वीज गेली.
पहिली नळी, बिघडलेली, टेबलावर होती.
समीनानं मोबाइलचा दिवा आत सोडला,
तसा पत्र्याच्या भिंतीवर वेल चढला,
पान मामाच्या टोपीवर, बाळी तिच्या कपाळावर.
आणि त्या सगळ्यातून वरून खाली
एक सरळ रिकामी वाट.

मामाचं मोतीबिंदू पिकायला आलंय.
त्यानं भिंतीकडं पाहिलंच नाही.
नळी मांडीत घेतली, डाव्या हातानं फिरवली,
उजव्या अंगठ्याचं नख टेकवून.
नख खरखरत गेलं पानांवरून
आणि पट्टीवर येऊन गुळगुळीत घसरलं.
त्यानं नळी थोडी मागं फिरवली. परत घसरलं.

इथं उभं नाव बसेल, म्हणाला.

कुणाचं? समीनानं विचारलं.

गिऱ्हाईक येऊ दे की, विचारू.

वीज आली. चिलरमधलं पाणी गुडगुडलं.
मी तिसऱ्या नळीचा कागद सोलायला घेतला
आणि मामानं, कुणी न सांगता,
दोरा हातात धरला.